"पॅन-पॅनच म्हणायचं"

तुम्ही सगळे मला एकच विचारता, की भर दुपारचा लख्ख उजेड, समुद्र ताटासारखा सपाट, धक्क्यावर माणसं आइस्क्रीम खातायत, आणि त्यांच्या नजरेसमोर बोट बुडते कशी? सांगते. पण मधे बोलू नका हं, नाहीतर माझा धागा तुटतो, आणि हे मला नीट सांगायचंय.

मामा-मामीचं काम आधी सांगते, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. बंदरात छोट्या बोटी गोल नारिंगी बोयाला बांधलेल्या असतात ना, तो बोया नुसता तरंगत नसतो. त्याच्याखाली मनगटाएवढ्या कड्यांची साखळी असते, आणि साखळीच्या टोकाला, तळाच्या चिखलात, छोट्या गाडीएवढा सिमेंटचा ठोकळा. दर काही वर्षांनी हे सगळं वर काढायचं, झिजलेली साखळी बदलायची, परत खाली सोडायचं. मामा हे करतो. करायचा. बोट त्याची स्वतःची, नाव मुंगी. नाव मामीनं ठेवलेलं. "दिसते एवढीशी आणि ओढते केवढं!" म्हणून.

आता, वर्षानुवर्षं रुतलेला ठोकळा नुसत्या विंचनं, म्हणजे डेकवरच्या साखळी ओढायच्या चाकानं, निघत नाही. चिखल सोडतच नाही त्याला. मोठ्या कंपन्या क्रेन आणतात. मामाकडे कुठली क्रेन? तो समुद्रालाच कामाला लावतो. पूर्ण ओहोटीला जायचं, साखळी विंचवर घेऊन ताठ करायची, इतकी ताठ की मुंगीचं तोंड खाली वाकतं, आणि मग काही म्हणजे काही करायचं नाही. डबे उघडायचे, जेवायचं. भरती चढते, पाण्याबरोबर बोट वर जायला बघते, ठोकळ्याला ओढत राहते, आणि कधीतरी चिखल फस्सकन सोडतो. मुंगी अशी उसळते की हातातला चहा अंगावर. मी वर्षभर त्यांच्याबरोबर काम करत होते, माझे सगळे टीशर्ट बघा, चहाचे डाग आहेत.

त्यामुळे मुंगी नाक पाण्यात खुपसून उभी दिसली की बंदरात कुणाच्या कपाळावर आठी पडत नसे. "मुंगी जेवायला बसली," म्हणायचे.

बंदर कार्यालयाला मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. तिथले साहेब मामाला एकदा समोर बसवून म्हणाले होते, की पुढच्या वेळी काही कमीजास्त झालं आणि आमच्यापर्यंत आलं, तर परवाना विसरा. मामा बाहेर येऊन म्हणाला, "त्यांच्यापर्यंत जाऊच द्यायचं नाही ना मग." आणि हसला. आम्हीही हसलो.

आता रेडिओ. मुंगीवर रेडिओ मामीचा. मामाला त्यावर बोलायला आवडत नाही, तो माइक हातात घेतला की शाळेत कविता म्हणायला उभा केल्यासारखा घसा खाकरतो. मामी मात्र असं बोलते की जणू शेजारणीकडे दही मागतेय. मी पहिल्यांदा बोटीवर आले तेव्हा तिनंच मला शिकवलं. सोळा नंबरचा चॅनल सगळे ऐकतात. त्यावर मदतीचे तीन शब्द. "सिक्युरिटे म्हणजे," मामी म्हणाली, "अहो, जिन्यात काच सांडलीय, जपून या. पॅन-पॅन म्हणजे, घरी जरा अडचण आहे, कुणी येऊन जाता का. आणि मेडे म्हणजे दार फोडून आत या."

मी म्हटलं, "तुम्ही कधी दिलाय मेडे?"

"आपल्यात नाही देत," मामी म्हणाली.

आपल्यात म्हणजे काम करणाऱ्या बोटींमध्ये. ते काही कुठे लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे. मेडे द्यायचा तो रविवारच्या मंडळींनी, पांढरे बूट घालून येतात, पेट्रोल संपलं की किंचाळतात. आमच्यातल्या एका मासेवाल्यानं एकदा धुक्यात मेडे दिला होता. मदतीला सगळं गाव निघालं, आणि धुकं उठलं तर काय, बोट वाळूवर बसलेली आणि पाणी घोट्याएवढं. तो चालत घरी गेला. झालं! तेव्हापासून त्याचं नाव मेडेभाऊ. त्याच्या बायकोच्या फोनमध्येसुद्धा तसंच आहे म्हणतात. आता अशा बंदरात कोण तोंड उघडेल? इंजिन बंद पडलं, पॅन-पॅन. बोटीत पाणी आलं, पॅन-पॅन. एकाच्या बोटीला आग लागली होती तर तो पठ्ठ्या पॅन-पॅन म्हणाला आणि पुढे म्हणे, "जरा गरम होतंय."

आणि त्यानं चालायचं, हे महत्त्वाचं. कारण पूर्वी रेडिओवर ऐकायला जो माणूस बसायचा तो इथलाच. टेकडीवरच्या खोलीत. त्याच्या खिडकीतून बंदर दिसायचं, आणि प्रत्येकाचा आवाज त्याला पाठ. मामी नुसतं "थोडी अडचण आहे" म्हणाली तरी त्याला कळायचं, की ही बाई अडचण म्हणतेय म्हणजे पळा. पण ती खोली बंद केली, त्या माणसाला निवृत्त केलं, आणि आता ऐकणारे बसतात लांबच्या शहरात, एकाच मोठ्या हॉलमध्ये, सगळ्या किनाऱ्यासाठी. त्यांना फक्त शब्द ऐकू येतात. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शब्द तेच वापरत राहिलो आम्ही.

तर तो रविवार.

सकाळपासूनचा तिसरा बोया. आधीच्या दोन्हींचे नट इतके गंजलेले की ग्राइंडरनं कापावे लागले, आणि त्यात ग्राइंडरच्या दोन्ही बॅटऱ्या उतरल्या. मामी म्हणाली, "आज बास करू." मामा म्हणाला, "ओहोटी आत्ता आहे, अजून एक होतोय." तिसऱ्याची साखळी वर घेतली. मुंगी वाकायला लागली. मामा पुढे विंचजवळ, साखळी चाकाच्या दात्यांवर नीट बसतेय का बघत, हातात हातमोजा. मामी केबिनमध्ये. मी मागे दोर गुंडाळत होते.

आवाज झाला. बंदुकीसारखा. विंचचा तेलाचा पाइप फुटला, सगळ्या डेकवर तेल, साखळी चाकावरून उडाली आणि मागे धावली, म्हणजे खाली, समुद्राकडे, आणि मग खाडकन थांबली. मी बघितलं तर ती चाक आणि चौकट यांच्या फटीत पाचर मारल्यासारखी बसली होती. आणि त्या फटीत मामाचा उजवा हात होता. मनगटापर्यंत.

मामा ओरडला नाही हो! नुसता गुडघ्यावर बसला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पोरी, मामीला बोलाव."

मामी आलीच होती. तिनं एकदा बघितलं आणि लगेच पहार घेतली. आम्ही दोघींनी पहार चाकात घालून उलटं फिरवायला बघितलं. केसभर हललं नाही. कसं हलेल? अख्ख्या बोटीचं वजन त्या साखळीवर. मी करवत आणली, हातानं चालवायची ती, साखळी कापायला लागले. लोखंडावर एक चकचकीत रेघ उमटली आणि पातं मोडलं. दुसरं लावलं. तेही मोडलं. तिसरं नव्हतं.

"ठोकळा सुटेल आत्ता," मामा म्हणाला. चेहरा पांढराफटक, पण बोलणं तेच नेहमीचं. "भरती लागलीय. ठोकळा सुटला की साखळी सैल होईल, मग फिरवा चाक. एवढं काय."

"मी रेडिओवर सांगते," मामी म्हणाली.

"पॅन-पॅन."

"अहो, तुमचा हात..."

"हाताला काय करायचंय? बोट तरंगतेय, इंजिन चालू आहे, मी तुझ्याशी बोलतोय. मेडे दिलास की चौकशी बसते, माहितीये ना? पॅन-पॅनच म्हणायचं."

मामी गेली. मीही तिच्यामागे गेले, का ते माहीत नाही, मला तिथे बघवत नव्हतं. तिनं माइक घेतला. "पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन. ही मुंगी, मुंगी, मुंगी." आणि जागा सांगितली, माणसं तीन सांगितली, विंचमध्ये एकाचा हात अडकलाय, सोडवायला आणि उपचाराला मदत हवी, सगळं बरोबर, एक शब्द इकडेतिकडे नाही. पलीकडून कंट्रोलचा, म्हणजे त्या लांबच्या हॉलमधला, एक तरुण आवाज आला. चांगला मुलगा होता हो, मी त्याला दोष देत नाही. त्यानं विचारलं, बोट तरंगतेय का? मामी म्हणाली, तरंगतेय. इंजिन चालू आहे का? चालू आहे. माणूस शुद्धीवर आहे का? आहे. रक्तस्राव? फार नाही. समुद्र कसा आहे? शांत.

प्रत्येक उत्तर खरं होतं. आणि सगळी मिळून एवढी खोटी!

तो म्हणाला, रेस्क्यू बोट खाडीच्या तोंडाशी एक शिडाची बोट ओढून आणतेय, ती धक्क्याला लावली की तुमच्याकडे पाठवतो, साधारण पाऊण तास, धीर धरा. मामी म्हणाली, "बरं. आभारी आहे." मला वाटलं माइक खेचून घ्यावा. काय सांगावं ते मात्र मला सुचत नव्हतं, कारण भरतीचं कुणी विचारलंच नव्हतं, आणि आमच्याही तोंडून आलं नव्हतं. बोट तळाला बांधलेली आहे आणि पाणी वर येतंय, हे आमच्यासाठी संकट नव्हतंच ना! ती आमची रोजची कामाची पद्धत होती.

मग आम्ही बोटीवरचं जड सामान पुढून मागे हलवलं. साखळ्यांचे तुकडे, हत्यारांची पेटी, पाण्याचं पिंप. मामीनं मामाला लाइफ जॅकेट घातलं, एक हात आत जाईना म्हणून बाजूनं बांधलं. मामा दर थोड्या वेळानं म्हणत होता, "सुटेल. चिखल सोडतोच."

तेवढ्यात प्रवासी बोट जवळून गेली. रविवारची गच्च भरलेली, पोरं कठड्याला लोंबकळलेली. तिचा कॅप्टन मामाचा जुना दोस्त. भोंगा वाजवून खिडकीतून ओरडला, "काय रे, खजिना लागला का?"

आणि मामानं काय करावं? डावा हात वर केला. हात केला त्याला! हसला! उजवा हात लोखंडात, आणि हा डाव्या हातानं टाटा करतोय. कॅप्टन हसला, प्रवाशांपैकी दोन पोरांनीही हात केले, बोट गेली. मी मामाकडे बघतच राहिले. म्हटलं, "मामा, त्यांना थांबवायचं ना!"

"प्रवासी घेऊन चाललाय तो. त्याला कशाला त्रास?"

प्रवासी बोटीच्या लाटा आल्या. एरवी त्या लाटांनी मुंगी नुसती डुलते. त्या दिवशी तोंड वर जाऊच शकत नव्हतं, म्हणून लाट सरळ डेकवर आली. मामाच्या गुडघ्यांना लागली, मागे केबिनच्या पायरीपर्यंत आली, आणि परत गेली. पण सगळी गेली नाही. थोडी राहिली. कठडा आता पाण्याच्या वर चार बोटं होता. मी थोड्या वेळानं पुन्हा हात लावून बघितलं, तर दोन बोटं. ठोकळा सुटत नव्हता. मामा आता "सुटेल" म्हणत नव्हता. तो पाण्याकडे बघत होता.

मग त्यानं मला जवळ बोलावलं. "मामीनं विचारलं तर सांग, पाणी आहे तेवढंच आहे."

"मामा..."

"ऐक माझं. रेस्क्यू बोट येतेच आहे. उगाच ती घाबरून मेडे देईल आणि वर्षानुवर्षांचं काम एका शब्दात जाईल. तिला सांग, आहे तेवढंच आहे."

त्याचे ओठ निळे पडले होते. माझ्या आईचा धाकटा भाऊ तो, मला सायकल त्यानं शिकवलीय, आजवर मी त्याला कधी नाही म्हटलेलं नाही. मी केबिनकडे चालायला लागले आणि मनात वाक्य घोकत होते. आहे तेवढंच आहे. आहे तेवढंच आहे. मामी रेडिओजवळ उभी होती, कंट्रोलला पुन्हा विचारत होती, आणि तो म्हणत होता की शिडाच्या बोटीचा दोर सुटलाय, अजून थोडा वेळ लागेल. तिनं माइक खाली केला. "पाणी कुठवर आलंय?"

मी तोंड उघडलं. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या बुटांकडे बघत होती. बुटातून पाणी निघून केबिनच्या फळीवर ओघळत होतं.

"मामा म्हणतो..."

"मामा काय म्हणतो ते मला माहितीये. तू काय बघितलंस?"

"कठड्यावरून आत येतंय," मी म्हणाले. "थांबत नाहीये. मामाच्या मांडीपर्यंत आलंय. ठोकळा सुटत नाहीये, मामी, तो नाही सुटणार."

केबिनच्या काचेतून मामा दिसत होता, मान वळवून आमच्याकडेच बघत. मामीनं माइक उचललेला त्यानं पाहिला आणि जो काय ओरडला! इतक्या वेळात पहिल्यांदा ओरडला. "अगं नाही म्हणतोय ना मी! बोटीवर माझं चालतं!"

मामीनं त्याच्याकडे बघत बघत बटण दाबलं.

"मेडे, मेडे, मेडे. ही मुंगी, मुंगी, मुंगी. मेडे मुंगी. प्रवासी धक्क्यासमोर, बोयांच्या दुसऱ्या रांगेत. बोट साखळीनं तळाला अडकलीय आणि भरती चढतेय. बोट पाण्याखाली जाणार आहे. माझा नवरा साखळीत अडकलाय, त्याला सोडवता येत नाही. माणसं तीन. डॉक्टर पाहिजे आणि लोखंड कापायचं यंत्र पाहिजे. आत्ता पाहिजे."

सोळा नंबरवर रविवारी किती बडबड असते! कोण कुठे जेवायला जातंय, कुणाची पोरं कुणाच्या बोटीवर आहेत. ती सगळी बंद झाली. एकदम. मग त्या कंट्रोलच्या मुलाचा आवाज, पण आता वेगळाच, उभा राहून बोलतोय असा: "मेडे मुंगी, मेडे मुंगी, तुमचा मेडे मिळाला." आणि त्यानं सगळ्यांना सांगितलं, गप्प राहा, जवळ कोण आहे ते बोला. आणि मग एकेक आवाज यायला लागले. मी निघालो. मी निघालो. प्रवासी बोट भर खाडीत वळायला लागली, एवढी मोठी बोट, माणसांसकट. शिडाची बोट सोडून रेस्क्यू बोट निघाली. धक्क्यावरची माणसं उभी राहिली. आणि दुरुस्तीच्या यार्डात वेल्डर आपला जेवत होता, यार्डातल्या रेडिओवर त्यानं आधीचं पॅन-पॅनही ऐकलं होतं. नंतर रडत सांगत होता बिचारा, "मला वाटलं, मुंगी जेवायला बसलीय, हात चेपलाय, पट्टी बांधतील." मेडे ऐकल्यावर गॅसची टाकी खांद्यावर टाकून तो धक्क्याच्या टोकाला धावला, आणि त्याला आपल्या होडीत घेऊन सगळ्यात आधी कोण आलं माहितीये? मेडेभाऊ. होडी आमच्या बाजूला लावली, टाकी उचलून दिली, आणि आमचा कठडा धरून बसला.

वेल्डर साखळीपाशी गेला. पण साखळी आता पाण्याखाली. त्यानं ज्योत पेटवली, पाण्याला लावली, विझली. पुन्हा पेटवली. कापायची जागा कमरेएवढ्या पाण्यात होती. बादलीनं पाणी उपसून काय होणार होतं, तरी आम्ही उपसलं, मी आणि मेडेभाऊ, वेड्यासारखं. वेल्डर सारखा म्हणत होता, "अर्धा तास आधी. अर्धा तास आधी असतं तर..." मामी म्हणाली, "आता ते नको. आता काय करता येईल ते बोला."

रेस्क्यू बोट आली. तिच्यावर एक डॉक्टरीणबाई, लहानशी, माझ्याच वयाची वाटली. ती सरळ पाण्यात उतरून मामापर्यंत गेली. पाणी त्याच्या छातीला होतं. मामी मागून त्याला धरून उभी, त्याची हनुवटी वर करून. डॉक्टरीणबाईनं पाण्याखाली हात घालून चाचपलं. मग मामाच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "काका, हात सोडावा लागेल. तो तसाही राहिलेला नाही. आणि आता वेळ नाही."

मामा म्हणाला, "ठोकळा..."

मामी त्याच्या कानात म्हणाली, "अहो, नाही सुटत तो. यावेळी नाही सुटत."

मामानं डोळे मिटले. मान हलवली. डॉक्टरीणबाईनं दंडात इंजेक्शन दिलं, वर पट्टा आवळला. पुढचं मी नाही सांगणार. मी बघितलं नाही, मामीनं मला केबिनकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. ती स्वतः मात्र तिथून हलली नाही. तिनं त्याची हनुवटी सोडली नाही.

त्याला रेस्क्यू बोटीत घेतलं, आम्हाला घेतलं, आणि आम्ही थोडे लांब झालो तोवर मुंगीचं केबिन तिरकं झालं. आवाज काही झाला नाही. पाण्यात भांडं कसं कलतं तशी ती पुढे कलली आणि गेली. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग आणि आमचे जेवणाचे डबे. सगळ्या बोटी गोल उभ्या होत्या.

नंतर पाणबुडे खाली गेले तेव्हा कळलं, ठोकळ्यावर कुठल्यातरी जुन्या जहाजाचा नांगर आडवा पडला होता, चिखलात गाडलेला. तो ठोकळा सात जन्मांत सुटला नसता.

पण मला सांगायचंय ते त्याच्या नंतरचं आहे. थांबा, पाणी पिते.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर मामानं पहिलं काय विचारलं असेल? हाताचं नाही. म्हणाला, "मेडे किती वेळानं दिलास?"

मामी म्हणाली, "तुम्ही नाही म्हणत होतात तेवढ्या वेळानं."

एवढंच. ती त्याला भरवायची, तो खायचा. मी दोघांच्या मधे बसून मासिकं चाळायचे. मला वाटायचं, तो चिडलाय की काय तिच्यावर. मग वाटायचं, ती चिडलीय. खरंतर मला आजही नक्की सांगता येणार नाही.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी बंदर कार्यालयाचे साहेब आले. चौकशी. तेच, ज्यांनी ताकीद दिली होती. खुर्ची ओढून बसले, तब्येत विचारली, मग मुद्द्यावर आले. म्हणाले, "रेडिओवरचं रेकॉर्डिंग आम्ही ऐकलंय. आधी पॅन-पॅन आणि मग बराच वेळ गेल्यावर मेडे. आम्हाला एवढंच जाणून घ्यायचंय, की हा निर्णय कुणाचा?"

मामी पटकन म्हणाली, "दोन्ही माझे. रेडिओ माझ्याकडे असतो. मला आधी अंदाज आला नाही. मग यांनी पुढून सांगितलं, मेडे दे, म्हणून मी दिला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. किती सरळ चेहऱ्यानं खोटं बोलली! आणि साहेबांना ते पटलंही होतं, त्यांनी मान डोलावली, त्यांनाही तेच बरं होतं. मामानं, म्हणजे बोटीच्या कॅप्टननं, वेळेवर मेडे द्यायला लावला, अंदाजात थोडी चूक, पद्धत धोक्याची पण माणूस जबाबदार. परवाना काही महिने रोखायचा आणि मग परत. मामा एका हातानंही बोट चालवू शकतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

मामा पलंगाच्या कडेवर बसला होता. म्हणाला, "साहेब, ही खोटं बोलतेय."

"अहो!" मामी म्हणाली.

"पॅन-पॅन मी सांगितलं. ती तेव्हाच मेडे देणार होती, मी अडवलं. पाणी चढतंय हे मला दिसत होतं, तिला कळू नये म्हणून मी भाचीला खोटं सांगायला पाठवलं. प्रवासी बोट जवळून गेली तिला मी हात केला, जणू काही झालंच नाही. मेडे तिनं दिला. मी नको म्हणून ओरडत असताना दिला."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाले, "हे मी जसंच्या तसं नोंदवलं तर तुमच्या परवान्याचं काय होईल, कल्पना आहे ना?"

"आहे."

"मी पुन्हा येऊ शकतो. तुम्ही विचार करा."

"विचार करायलाच वेळ घेतला ना साहेब मी तेव्हाही," मामा म्हणाला. "टाका लिहून."

साहेब गेले. मामीनं पिशव्या भरायला घेतल्या, आपटून आपटून. टॉवेल आपटला, चपला आपटल्या. "मोठे खरं बोलणारे," पुटपुटत होती. "मी सगळं नीट सांगत होते. आता करणार काय बोटीशिवाय? काय करणार?" मामा शर्ट घालत होता. डावी बाही घातली, उजवी नुसतीच खांद्यावर ओढून घेतली, आणि डाव्या हातानं बटण लावायला लागला. बटण भोकाशी जायचं आणि निसटायचं. मामी पुढे झाली.

"थांब," तो म्हणाला. "बघू दे, जमतं का."

ती थांबली. हात तसेच हवेत. मीही उभी, पिशवी धरून. बटण पुन्हा निसटलं. त्यानं अंगठ्यानं धरून बघितलं, हनुवटीनं कॉलर दाबून बघितलं, कपाळावर घाम आला. बाहेरून नर्स डोकावली आणि आम्हाला बघून परत गेली.

मग त्यानं हात खाली सोडला.

"नाही जमत," मामा म्हणाला. "लाव तू."